दिनारियसवरची चित्रं: पूर्वज, हत्ती, कुत्रा आणि शेवटी एक जिवंत चेहरा

रानवारा

नमस्कार मंडळी. मागे नाण्यांच्या गप्पांत मी एका रोमन दिनारियसचा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा दोघा-तिघांनी 'यावर वेगळा धागा काढा' असं सुचवलं होतं. घ्या, काढला. लांबेल थोडा, पण विषयच असा आहे की दोन ओळींत उरकवत नाही.

ते नाणं आत्ता माझ्यासमोर दिव्याखाली आहे. आपल्याकडे गेंड्याचं चित्र असलेलं पंचवीस पैशांचं नाणं होतं, साधारण तेवढाच घेर. पण हे चांदीचं, त्यामुळे तळहातावर ठेवलं की वजन जाणवतं. काळ इ.स.पू. ८२. कड गुळगुळीत नाही, करवतीसारखे दाते पाडलेत. भिंगातून पाहिलं तर कुठलेही दोन दाते सारखे नाहीत. एक खोल, पुढचा तिरका, त्याच्या पुढचा नुसता खरवडल्यासारखा. कुणीतरी हातात छिन्नी घेऊन एकेक दाता पाडत गेलेलं आहे.

दर्शनी बाजूला मर्क्युरी देव, डोक्यावर पंखांची टोपी, खांद्यामागे दोन सापांचा वेढा असलेली काठी. नाणं उलटलं की एक वाटसरू दिसतो. निमुळती टोपी, आखूड कपडे, डाव्या हातात उंच काठी, उजवा हात पुढे केलेला. आणि त्या हाताकडे मान ताणून उभा असलेला एक कुत्रा.

हा वाटसरू म्हणजे ओडिसियस. दहा वर्षं ट्रॉयचं युद्ध, दहा वर्षं परतीची वणवण, आणि विसाव्या वर्षी भिकाऱ्याच्या वेशात तो आपल्याच घराच्या दारात येतो. कुणी त्याला ओळखत नाही. ओळखतो तो त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस. नखाएवढ्या जागेत त्या कारागिराने नेमकी तीच घडी पकडली आहे. माझ्या नाण्यावर ठसा जरा उजवीकडे सरकलाय, त्यामुळे कुत्र्याचं शेपूट दात्यांत हरवलंय. तरी त्याला काय झालंय ते कळतं. मी हे नाणं पहिल्यांदा भिंगाखाली धरलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. रोमच्या सरकारी नाण्यावर ग्रीक कथेतला हा माणूस आणि त्याचा कुत्रा काय करतायत? उत्तर नाण्यावरच लिहिलंय: डावीकडे 'सी मामिल', उजवीकडे 'लिमेटान'. गायस मामिलियस लिमेटानस. हा त्या वर्षी टांकसाळीवर नेमलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक. मामिलियस घराणं मूळचं रोमशेजारच्या टस्क्युलम गावचं, आणि ते गाव वसवलं टेलेगोनसने, म्हणजे ओडिसियस आणि सर्सी यांच्या मुलाने, अशी त्या घराण्याची समजूत. मर्क्युरीही उगाच आलेला नाही, तो ओडिसियसच्या आईचा आजोबा. थोडक्यात, साहेबांनी नाण्यावर आपली वंशावळ काढली.

थोडं मागे जाते. दिनारियस सुरू झाला इ.स.पू. २११ च्या सुमारास, रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना. युद्धाने तिजोरी रिकामी केली होती, जुनी नाणेव्यवस्था कोसळली होती, तेव्हा रोमने नव्याने घडी बसवली. नाव 'दहाचं' या अर्थाचं, कारण एक दिनारियस म्हणजे तांब्याचे दहा 'अस'. सुरुवातीला वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास, पुढे लवकरच चारच्या खाली. चित्र ठरलेलं: पुढे पंखांचं शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ भाले रोखून घोड्यांवर दौडतायत. (आपल्या अश्विनीकुमारांचे हे नातेवाईकच.) खाली 'रोमा'. कुणा माणसाचा मागमूस नाही.

टांकसाळ कॅपिटोलिन टेकडीवर, जूनो मोनेटा देवीच्या देवळालगत. इंग्रजीतला 'मनी' आणि 'मिंट' हे दोन्ही शब्द या मोनेटाचेच. कारभार बघायला तीन अधिकारी नेमत, साधारण वर्षभरासाठी. वय कमी, राजकारणातली पहिली पायरी. यांनी आधी कोपऱ्यात एखादी खूण टाकली, मग नावाची दोन अक्षरं, मग पूर्ण नाव. आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून चित्रंच बदलायला लागली. देवीदेव मागे सरकले, घराण्याचा पराक्रम पुढे आला.

मेटेलस घराण्याचा हत्ती हे ठळक उदाहरण. त्यांच्या एका पूर्वजाने इ.स.पू. २५० मध्ये सिसिलीत पानॉर्मस, म्हणजे आजच्या पालेर्मोपाशी, कार्थेजची फौज हरवून हत्ती पाडाव केले होते. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी त्यांची नातवंडं-पतवंडं नाण्यांवर हत्तीचं मस्तक काढत होती. टिट्युरियस सबाइनसने इ.स.पू. ८९ मध्ये सबाइन बायकांच्या अपहरणाची कथा काढली, कारण आडनावच सबाइनस. पोम्पोनियस म्यूसाने तर कलांच्या नऊच्या नऊ म्यूझ देवता काढल्या, आडनावाशी जुळतं म्हणून.

माझी सगळ्यात आवडती मात्र मतदानाची नाणी. इ.स.पू. ११३-११२ च्या सुमारास नर्वा नावाच्या अधिकाऱ्याने एक काढलं. दोन माणसं अरुंद फळीवरून चालतायत. एक जण खाली उभ्या असलेल्याकडून मतपाटी घेतोय, दुसरा पुढे जाऊन ती पेटीत टाकतोय. पुढे एका कॅशियस लाँजायनसच्या नाण्यावर एकच नागरिक आहे. हातातली पाटी पेटीत सोडायच्या बेतात, पाटीवर एकच अक्षर: 'उती रोगास'मधलं पहिलं, म्हणजे 'मांडलंय तसं होऊ दे'. त्याच्या घराण्यातल्या एकाने इ.स.पू. १३७ मध्ये खटल्यांमध्ये गुप्त मतदान आणणारा कायदा केला होता. दोन हजार वर्षांपूर्वी मत टाकणारा साधा माणूस चांदीवर कोरण्याइतका मोलाचा वाटला, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि आता मला खरं म्हणायचंय ते. या सगळ्या चित्रांत एक अलिखित मर्यादा पाळलेली दिसते. आजोबा चालतील, पणजोबा चालतील, ज्याच्यापासून कुळ निघालं तो देवही चालेल. पण जिवंत माणसाचा चेहरा नको. चेहरा म्हणजे राजा, आणि राजांना हाकलूनच तर रोमचं प्रजासत्ताक उभं राहिलं होतं.

ही मर्यादा इ.स.पू. ४४ मध्ये सुटली. ज्युलियस सीझर, लांब मान, गळ्यावर सुरकुत्या, डोक्यावर पानांचा मुकुट, आणि शेजारी 'तहहयात हुकूमशहा'. सिनेटने रीतसर मंजुरी दिलेली. मार्चच्या १५ तारखेला त्याचा खून झाला.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी, खून करणाऱ्यांतल्या ब्रूटसने आपल्या फौजेसाठी नाणं पाडलं. मागे दोन खंजीर, मधे गुलामीतून मुक्त झालेल्याला देतात ती टोपी, खाली 'आयडीज ऑफ मार्च', म्हणजे १५ मार्च, ही तारीख. हे चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पण ते नाणं उलटून बघा. पुढच्या बाजूला खुद्द ब्रूटस. जिवंत. नावासकट.

याच ब्रूटसने इ.स.पू. ५४ मध्ये टांकसाळीचा अधिकारी असताना एका नाण्यावर स्वातंत्र्यदेवी काढली होती, आणि मागे आपला पूर्वज, राजांना घालवणारा पहिला ब्रूटस, रक्षकांच्या मधून चाललेला. त्या दोन नाण्यांमध्ये बारा वर्षांचं अंतर आहे. ती दोन्ही शेजारी ठेवली की प्रजासत्ताक कुठे संपलं ते मला दिसतं. सीझरच्या चेहऱ्यापाशी नाही. ब्रूटसच्या.

खडीसाखर

ताई, फार सुंदर. एका दमात वाचला. शंका अशी की या पोरांना (वय कमी म्हणालात म्हणून) वाट्टेल ते चित्र काढायची मुभा होती का? वरून कुणी बघत नव्हतं? आपल्याकडे साधं पोस्टाचं तिकीट निघायचं तर किती टेबलांवरून फाइल फिरते.

रानवारा

@खडीसाखर, किती चांदी पाडायची, वजन किती, कस किती हे त्यांच्या हातात नसे. ते सिनेट ठरवी. चित्राच्या बाबतीत मात्र मोकळीक चांगलीच दिसते, नाहीतर इतकी घरगुती चित्रं आली नसती. एका कॅरिसियसने इ.स.पू. ४६ मध्ये पुढे जूनो मोनेटा आणि मागे चक्क टांकसाळीची हत्यारं काढली: सांडशी, हातोडा आणि ठसे. लोहाराच्या शाळेतलं सामान वाटतं. नाणं कसं पडायचं तेही त्यातून कळतं. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा, आणि त्याच्यावर घणाचा घाव. हात जरा हलला की माझ्या कुत्र्याचं शेपूट गेलंच.

तांबट आळी

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सराफी, म्हणून दात्यांच्या कडेवर अडकलो. दाते पाडण्याचं कारण काय? माझ्या मते नाणं आत चांदीचंच आहे हे दाखवायला. आपल्याकडे पोतदार आणि पारखी नाण्याला भोक पाडून धातू बघत, त्या भोकाला सुलाख म्हणतात. 'तावून सुलाखून' आपण रोज म्हणतो ते तिथलंच. आजोबांच्या पेटीतल्या जुन्या रुपयांवर बारीक ठोकलेल्या सराफी खुणा मी लहानपणी बोटाने चाचपायचो. रोमन नाण्यांवर तसं काही असतं का?

रानवारा

@तांबट आळी, असतं, अगदी असंच असतं. चंद्रकोर, टिंब, एखादं अक्षर, अशा बारीक खुणा ठोकलेले दिनारियस पुष्कळ. माझ्या नाण्यावर मर्क्युरीच्या गालावर तशी एक चंद्रकोर आहे. आधी मला ती खराबी वाटली होती.

दात्यांबद्दल तुमचा तर्क बऱ्याच अभ्यासकांनीही मांडलाय. अडचण एवढीच की दाते असलेली मुलाम्याची नाणीही सापडतात. आत तांबं, वर चांदीचा पातळ पत्रा, आणि कडेला व्यवस्थित दाते. म्हणजे फसवणाऱ्यांनी तेही साधलं. यात मी स्वतः पोळले आहे. मी जर्मनीत राहते. इथल्या एका नाणेबाजारात मी पहिला दिनारियस घेतला तो असाच निघाला. विकणाऱ्याने चांदीचा म्हणून दिला. घरी येऊन वजन केलं तर तीन ग्रॅमच्याही खाली, आणि रोमाच्या हनुवटीपाशी एक हिरवा ठिपका. चांदी कधी हिरवी पडत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. नाणं मात्र ठेवलंय. तेही अस्सल प्राचीन आहे, फक्त त्या काळच्या ठकाचं आहे.

दात्यांवरून आणखी एक. टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहून ठेवतो की जर्मन टोळ्यांना जुनी, ओळखीची नाणी आवडतात: दातेरी आणि दोन घोड्यांच्या रथाची. त्याच्या काळी ती नाणी दीडशे-दोनशे वर्षांची झालेली होती. म्हणजे त्या लोकांनाही दाते बघितले की भरवसा वाटत असणार.

अवकाश

छान धागा. दोन दुरुस्त्या सुचवतो, राग नसावा.

एक, जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर पहिल्यांदा सीझरचा नाही. मॅसिडोनियाच्या राजाला हरवल्यावर इ.स.पू. १९६ च्या सुमारास ग्रीसमध्ये फ्लॅमिनायनस या रोमन सेनापतीचा चेहरा असलेली सोन्याची नाणी निघाली होती. ती ग्रीसमधली, रोमच्या टांकसाळीतली नव्हेत, पण चेहरा जिवंत माणसाचाच.

दोन, लहान आकृतीच्या रूपात जिवंत माणसं आधीही येऊन गेली आहेत. इ.स.पू. १०१ च्या एका नाण्यावर चार घोड्यांच्या विजयरथात उभा असलेला सेनापती मारियस आहे. त्याच्यानंतरचा सेनापती सुलाही स्वतःच्या नाण्यावर असाच रथात दिसतो. त्याच्या मुलाने पुढे इ.स.पू. ५६ मध्ये बापाचा मोठा प्रसंग काढला: उंच आसनावर सुला, समोर गुडघे टेकलेला आफ्रिकेतला राजा बोकस, आणि मागे हात बांधलेला रोमचा शत्रू युगुर्था. म्हणजे मर्यादा एकदम सुटली नाही, पन्नास-साठ वर्षं सैल होत होती.

आणि ब्रूटसवर तुम्ही फार कडक झालात असं मला वाटतं. तो छावणीत होता, सैनिकांना पगार द्यायचा होता. समोर अँटनी आणि ऑक्टेव्हियन दोघेही आपापल्या चेहऱ्याची नाणी वाटत होते. सैनिकाला पैसे कोण देतंय ते कळायला नको?

रानवारा

@अवकाश, राग कसला, आभार. फ्लॅमिनायनस मी लिहायला हवा होता. 'रोममध्ये पडलेल्या नाण्यांवर' असं वाचावं. मारियसचा मुद्दाही मान्य. पण रथातल्या आकृतीला डोळे-नाक नसतात. ती कोण ते प्रसंगावरून ओळखायचं. सीझरच्या नाण्यावर प्रसंग उरलाच नाही, नुसता माणूस उरला. हा फरक मला मोठा वाटतो.

ब्रूटसच्या अडचणीबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. त्याच्याकडे दुसरा मार्ग राहिला नव्हता. सैनिकांना आता चेहराच लागत होता, आणि ज्याने त्यासाठी खून केला त्यालाही तो द्यावा लागला.

यादवीतली आणखी एक जोडी बघा. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर रोममध्ये शिरला आणि त्याने शनिदेवाच्या, सॅटर्नच्या, देवळातल्या सरकारी खजिन्यावर हात टाकला. आडवा आला तो मेटेलस घराण्यातला एक लोकाधिकारी. त्याच सुमारास सीझरने नाणं पाडलं: पायाखाली साप (काहींच्या मते गॉल लोकांचं रणशिंग) चिरडणारा हत्ती, खाली 'सीझर'. प्राचीन काळी असंही सांगत की मूर लोकांच्या भाषेत 'सीझर'सारखाच एक शब्द हत्तीसाठी होता. मग आफ्रिकेत सीझरविरुद्ध उभ्या राहिलेल्या मेटेलस स्किपिओने पुढे ज्युपिटर आणि मागे आपल्या घराण्याचा हत्ती असं नाणं काढलं. दोन फौजा, दोघांच्या पगारात हत्ती. एक दोनशे वर्षांच्या कुळाभिमानाचा, दुसरा एकाच माणसाचा.

मोगरा

बाकी राजकारण मला फारसं कळत नाही, पण कुत्र्यापाशी थांबले. आमचा चौदा वर्षांचा होऊन मागच्या पावसाळ्यात गेला. शेवटी शेवटी उठवत नव्हतं त्याला, मी दारातून आले की फक्त शेपूट आपटायचा. मूळ कथेत आर्गोसचं काय होतं?

रानवारा

@मोगरा, वाचून गलबलले.

होमरच्या ओडिसीत सतराव्या भागात ते येतं. आर्गोस दारातल्या शेणाच्या ढिगावर पडलेला आहे, अंगभर गोचिड्या. मालकाचा आवाज ऐकून तो शेपूट हलवतो, कान पाडतो, पण जवळ यायची ताकद उरलेली नाही. ओडिसियसला त्याच्याकडे जाता येत नाही, वेश उघडा पडेल म्हणून. तो तोंड फिरवून, शेजारच्याला कळू न देता, डोळे पुसतो आणि आत जातो. आर्गोस तिथेच मरतो.

तुमचा प्रतिसाद वाचून मी नाणं परत भिंगाखाली घेतलं. नाण्यावरचा आर्गोस चारही पायांवर उभा आहे. आणि ओडिसियसचा हात त्याच्याकडे गेलेला आहे. होमरमध्ये यातलं काहीच घडत नाही. ठसा कोरणाऱ्याने दोघांनाही ते देऊन टाकलं.

मोगरा

_/\_

कोकणकडा

आपल्या बाजूचं थोडं लिहितो. भारतात रोमन चांदी भरपूर सापडली, पण बहुतेक दक्षिणेत, कोइम्बतूरच्या पट्ट्यात आणि आंध्र-तेलंगणात. नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लेला एकाच ठेव्यात १,५३१ दिनारियस होते. चित्रांच्या बाबतीत यात दोनच छापांची चलती. एक पहिला सम्राट ऑगस्टसचा: मागे ढाली-भाल्यांसह उभी दोन मुलं, गायस आणि लुशियस. दुसरा त्याच्यानंतरच्या टायबेरियसचा: मागे राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली बाई, जिला सहसा त्याची आई लिव्हिया मानतात. बायबलमध्ये 'सीझरचं सीझरला द्या' म्हणताना येशूच्या हातात असलेलं नाणं ते हेच, असं परंपरेने समजतात.

रानवारा ताईंच्या मुद्द्याला धरून एक सुचलं. प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर आजोबा-पणजोबा, आणि ऑगस्टसच्या नाण्यावर नातू! गायस आणि लुशियस त्याच्या मुलीची मुलं, त्याने दत्तक घेतलेली. आता नाणं मागे बघत नव्हतं, पुढची गादी कुणाची ते सांगत होतं. दोघंही अकाली गेले, लुशियस इ.स. २ मध्ये, गायस इ.स. ४ मध्ये. त्यांची चित्रं मात्र ढिगाने इथे येऊन पडली.

जुनीच नाणी इथे जास्त का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे नीरो हा सम्राट. इ.स. ६४ मध्ये त्याने वजनही घटवलं (एका रोमन पौंडात आधी ८४ नाणी पडत, आता ९६) आणि कसही उतरवला. आपल्या व्यापाऱ्यांना ते न कळेल कसं? थोरल्या प्लिनीने, म्हणजे त्या काळच्या रोमन लेखकाने, रडगाणं गायलंय की भारत दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. चार सेस्टर्सचा एक दिनारियस, म्हणजे सव्वा कोटी दिनारियस झाले. त्यानेच श्रीलंकेच्या राजाची गोष्ट दिलीय. वादळात भरकटत आलेल्या रोमन माणसाकडची नाणी राजाने पाहिली. चेहरे वेगवेगळ्या सम्राटांचे, पण वजन सगळ्यांचं सारखं. त्यावरून त्याने ठरवलं की हे लोक सचोटीचे आहेत.

तांबट आळी

राजा पक्का सराफ होता!

खडीसाखर

मग आपल्या महाराष्ट्रात का नाहीत? सोपारा, कल्याण, तेर ही बंदरं आणि पेठा तर इथेच होत्या.

गोदाकाठ

याचं उत्तर द्यायला मीच बरा, मी नाशिकचा. रोमन चांदी इकडे यायची यात शंका नाही. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या टिपणात भडोचला उतरणाऱ्या मालात सोन्या-चांदीचे दिनारियस आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यावर नफा सुटतो असंही म्हटलंय. मग गेली कुठे? अभ्यासकांचा एक तर्क असा की क्षत्रपांनी, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या शक राजांनी, ती वितळवून स्वतःची नाणी पाडली.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला. १३ हजारांहून जास्त नाणी! पुढे नहपानाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारला. चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी आणि आपलं नाव, मागच्या बाजूवर उज्जैन चिन्ह (अधिकाच्या खुणेच्या चारही टोकांना वर्तुळं). युद्ध जिंकल्यावर शत्रूची तिजोरी न वितळवता तशीच ऐरणीवर घेतली.

नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आमच्या पांडवलेण्यांत आहे. त्यात सत्तर हजार कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याची नाणी), पस्तीसला एक असा भाव चक्क दगडात कोरलाय. आणि 'दिनारियस' हा शब्द तर संस्कृतात 'दीनार' होऊन गुप्तांच्या काळच्या लेखांत ठाण मांडून बसला.

पैठणी

माझ्या आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ आठवली. एका सोनाराने सांगितलं होतं की पुतळी हे मूळ व्हेनिसचं सोन्याचं नाणं, आणि त्यावर संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असतो. आजी मात्र बोट ठेवून सांगायच्या, हा राम आणि ही सीता. रोमन नाणीसुद्धा कुणी गळ्यात घालायचं का?

रानवारा

@पैठणी, हो. भारतात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांत भोक पाडलेली, कडी लावलेली बरीच आहेत. आजींचा राम-सीता मला फार आवडला.

याच्या उलटही झालंय. १८९८ मध्ये पुदुकोट्टईला ५०१ रोमन सोन्याची नाणी मिळाली, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. कारणाबद्दल मतभेद आहेत. बरेच जण म्हणतात की ही नाणी चलन म्हणून बाद केली आणि नुसतं सोनं म्हणून ठेवली.

शिवारफेरी

असं नाणं भारतात विकत घेता येतं का? आणि शेतात सापडलं तर?

अवकाश

@शिवारफेरी, सापडलं तर पहिल्यांदा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा लपवणं गुन्हा आहे. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. घासूनपुसून चकचकीत तर अजिबात करू नका. मातीतला थरही अभ्यासाला लागतो.

परदेशातही मूळ कुठलं हे विचारूनच घ्यावं. ब्रूटसच्या त्या खंजिरांच्या नाण्याच्या चांदीच्या प्रती शंभरच्या आसपास आहेत, सोन्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातलं सोन्याचं एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात विक्रमी किमतीला गेलं, आणि त्याचा पूर्वेतिहास खोटा निघाल्यावर २०२३ मध्ये ग्रीसला परत करावं लागलं.

गोदाकाठ

काल रविवारी एका ओळखीच्या संग्राहकाकडे मुद्दाम जाऊन आलो, हा धागा डोक्यात होता म्हणून. त्यांच्याकडे जोगळटेंभीच्या प्रकारचं, पुन्हा ठसा मारलेलं नहपानाचं नाणं आहे. बोटाच्या पेरावर मावतं. आधी नुसती टेकडी दिसली, तीन कमानी, खाली नागमोडी रेघ. मग त्यांनी दिवा बाजूला घेतला आणि उजेड तिरका पाडला. सातकर्णीच्या टेकडीच्या उजव्या कमानीखालून नहपानाचं नाक बाहेर आलेलं दिसलं, आणि त्याच्याखाली ओठ. कडेला तीन-चार ग्रीक अक्षरंही टिकून राहिली होती.

त्यांना तुमच्या कुत्र्याबद्दल सांगितलं. म्हणाले, फोटो मागवा.

रानवारा

@गोदाकाठ, आज रात्री तिरक्या उजेडात काढते आणि इथेच टाकते. कदाचित शेपटाचा बुडखा दिसेल.